हरिणांची शिकार व हलक्या धक्क्याची काडतुसे

बंदुकीचा बार होताच गोळी पुढे जाते आणि बंदूक मागे येऊन नेमबाजाच्या खांद्यावर आदळते. बंदुकीच्या या मागील हालचालीस धक्का किंवा प्रतिक्षेप म्हणतात. ज्या काडतुसाचा धक्का सौम्य असतो, पण ज्याच्या गोळीत मध्यम आकाराचे जनावर तत्काळ मारण्याइतकी शक्ती राहते, त्यास हलक्या धक्क्याचे काडतूस म्हणता येईल. हरिणांच्या शिकारीत अशा काडतुसाची निवड हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिकाऱ्यांच्या चर्चेचा विषय होता. धक्का सोसण्याची सोय एवढेच त्या चर्चेचे प्रयोजन नव्हते. धक्क्याला भ्यालेल्या नेमबाजाचा नेम चुकतो आणि चुकलेल्या नेमाची किंमत जखमी होऊन पळालेल्या जनावरास मोजावी लागते, हे त्यामागील मुख्य कारण होते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व एकंदर महाराष्ट्र येथील शिकारीचा इतिहास पाहता, कोणाच्या हाती कोणते काडतूस पडावे हे खांद्याच्या सोयीने किंवा जनावराच्या आकाराने क्वचितच ठरले. ते बहुधा शस्त्रविषयक कायद्याने, किंमतीने व उपलब्धतेने ठरले. भारतात परवान्याने होणारी शिकार कायद्याने संपुष्टात आली असल्याने हा विषय आता इतिहासाचा आहे.

प्रदेश व प्राणी : सह्याद्रीचा माथा आणि पुण्याकडील पठार यांमधील पट्टा म्हणजे मावळ. त्याच्या पश्चिमेस लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगाव दाभाडे, सोमाटणे, परंदवडी, उर्से या टापूत पाऊस झपाट्याने कमी होत जातो. घाटमाथ्यावर सदाहरित व निमसदाहरित जंगल, मधल्या डोंगरउतारांवर झुडपी रान आणि खोऱ्यांत भातखाचरे अशी येथील रचना आहे. दाट रानात नेम धरण्यास फार तर पन्नास-साठ मीटरांचे अंतर मिळते, तर पूर्वेकडील उघड्या माळावर जनावर दोनशे मीटरांवरूनच सावध होते. एकाच तालुक्यातील या फरकामुळे बंदूक व काडतूस यांच्या गरजाही वेगवेगळ्या होत्या.

मराठीत ‘हरीण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्राणिशास्त्रदृष्ट्या सांबर, चितळ व भेकर हे मृगकुलातील (सर्व्हिडी) प्राणी होत. त्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा व चौशिंगा हे कुरंग असून त्यांचा समावेश गाई-बैलांच्या कुलात (बोव्हिडी) होतो. पिसोरी हा या दोहोंहून निराळ्या कुलातील लहानसा प्राणी आहे. सह्याद्रीच्या रानात सांबर, भेकर व पिसोरी, तर दख्खनच्या कोरड्या माळांवर काळवीट व चिंकारा हे प्रमुख होत. त्यांच्या आकारांत मोठी तफावत आहे. पूर्ण वाढलेल्या सांबराच्या नराचे वजन २०० किग्रॅ.च्या वर जाते, चितळाचा नर सु. ७० ते ९० किग्रॅ. भरतो, भेकर सु. २० ते २८ किग्रॅ. व पिसोरी अवघा तीन-चार किग्रॅ. असतो. साहजिकच ‘हरिणासाठी योग्य काडतूस’ असे एकच काडतूस संभवत नव्हते.

धक्क्याचे स्वरूप : धक्का हा संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाचा परिणाम आहे. गोळी व तिच्यामागून बाहेर पडणारे वायू यांना पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच बंदुकीस मागे मिळतो. ब्रिटिश लष्करात दीर्घकाळ वापरात असलेल्या ०·३०३ इंची काडतुसाचे उदाहरण घेता, त्याची ११·३ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ७४५ मी. वेगाने बाहेर पडते. तिचा संवेग सु. ८·४ किग्रॅ. मी./से. होतो व वायूंमुळे त्यात आणखी सु. ३ ची भर पडते. चार किग्रॅ. वजनाची रायफल त्यामुळे सेकंदास तीन मीटरांपेक्षा किंचित कमी वेगाने मागे येते आणि खांद्यावर सु. १६ ज्यूल ऊर्जा आदळते. गोळीची स्वतःची ऊर्जा मात्र ३,१०० ज्यूलांच्या घरात असते. तेच काडतूस तीन किग्रॅ.च्या रायफलीतून उडविल्यास धक्क्याची ऊर्जा सु. २२ ज्यूल होते. बंदूक जड असली की धक्का कमी बसतो. परंतु घाटाचे चढ चढताना तेच वजन ओझे ठरते. डोंगराळ मुलखात हलक्या धक्क्याच्या काडतुसाचे महत्त्व त्यामुळे अधिक होते : त्याच्या जोरावर बंदूकही हलकी ठेवता येत असे.

याच पद्धतीने हिशेब केल्यास ६·५ मिमी. व्यासाच्या मान्लिखर काडतुसाचा धक्का चार किग्रॅ.च्या रायफलीत सु. १३ ज्यूल, तर हत्ती-गव्यासारख्या जनावरांसाठीही चालणाऱ्या ०·३७५ इंची मॅग्नम काडतुसाचा ५० ज्यूलांच्या वर येतो. सर्वसाधारण भाराच्या बारा बोअरच्या काडतुसाचा धक्का तीन किग्रॅ. वजनाच्या दुनळी बंदुकीत सु. ३० ज्यूल भरतो. छऱ्यांची साधी बंदूक लष्करी रायफलीपेक्षा खांद्यावर जवळजवळ दुप्पट जोराने आदळते, ही गोष्ट पुष्कळांच्या समजुतीच्या विरुद्ध आहे. दस्त्याची लांबी व उतार, खांद्याशी बसविलेली रबराची गादी आणि बंदूक खांद्यास घट्ट लावण्याची सवय यांवरही धक्क्याची जाणीव अवलंबून असते. पहिल्या काही बारांनंतर धक्क्याची धास्ती घेतलेला नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटतो किंवा खांदा आखडतो. त्यामुळे नळीचे तोंड हलते व गोळी फुप्फुसांच्या जागी पोटात किंवा पायात लागते.

काडतूसपूर्व काळ : महाराष्ट्रात मृगयेची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचा विस्ताराने विचार केलेला आहे. पेशवाईत पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता व त्यात वन्य प्राणी पाळले जात. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. सामान्य जनांची शिकार निराळ्या साधनांनी चाले. फासेपारधी स्नायूंच्या दोऱ्यांचे फासे मांडून काळवीट व चिंकारा पकडत, तर सह्याद्रीतील ठाकर, कातकरी, महादेव कोळी इ. जमाती तिरकमठा, जाळी व फास यांचा उपयोग करीत. या साधनांचा पल्ला अल्प असल्याने शिकाऱ्याला जनावराच्या निकट जावे लागे, आणि त्यासाठी माग काढण्याचे कौशल्य अंगी असावे लागे.

तोड्याची बंदूक मराठ्यांच्या सैन्यात सर्रास होती. शिकारीत मात्र तिच्या मर्यादा उघड होत. जळत्या तोड्याचा वास व धूर जनावराला सावध करी, पावसाळी हवेत दारू सर्दावे आणि एका बारानंतर पुन्हा ठासण्यास वेळ लागे. पुढे चकमकीची व त्यानंतर टोपीची बंदूक आली. तरी दारू, चिंधी व गोळी किंवा छर्रे नळीच्या तोंडातून ठासण्याची पद्धत कायम राहिली. ठासणीच्या बंदुकीत दारूचे प्रमाण शिकाऱ्याच्या अंदाजावर असे. दारू कमी पडली तर जनावर जखमी होई, जास्त पडली तर धक्का जबर बसे आणि जुनी नळी फुटण्याचाही धोका असे. हलका धक्का व पुरेशी शक्ती यांचा मेळ या बंदुकीत खात्रीने घालता येत नसे.

काडतूस व निर्धूम दारू : दारू, गोळी व पेटवणारी टोपी एकाच कोशात बसविलेले काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. हा कारखाना मावळच्या पूर्व सीमेपासून फारसा दूर नाही. परंदवडीपासून तो सु. २५ ते ३० किमी. अंतरावर आहे. या काळातील लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीच्या (१८७१) काडतुसात ५·५ ग्रॅ. काळी दारू व ३१ ग्रॅ. वजनाची शिशाची गोळी असे. काळ्या दारूने गोळीचा वेग फार वाढविता येत नसल्याने शक्ती वाढविण्यासाठी गोळी जड करणे, हाच मार्ग होता. परिणामी धक्काही जबर बसे. या रायफलीचा धक्का सैनिकांत कुप्रसिद्ध होता.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली व ब्रिटनमध्ये १८८९ मध्ये कॉर्डाइट तयार झाले. या दारूंमुळे लहान व्यासाची, हलकी पण वेगवान गोळी वापरणे शक्य झाले. गोळीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर संवेग वेगाच्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे हलकी गोळी वेगाने सोडल्यास धक्का मर्यादित ठेवून ऊर्जा टिकविता येते. हलक्या धक्क्याच्या काडतुसाची सारी कल्पना या एका तत्त्वावर उभी आहे. जर्मनीत तयार झालेले ७ मिमी. माउझर काडतूस (१८९२) इंग्रज बंदूकनिर्मात्यांनी ०·२७५ इंची या नावाने विकले. कुमाऊँमधील शिकारी व लेखक जिम कॉर्बेट याची या काडतुसाची रिग्बी रायफल प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियन बनावटीचे ६·५ मिमी. मान्लिखर काडतूस ०·२५६ इंची म्हणून ओळखले जाई. त्याची गोळी बारीक व लांबट असल्याने धक्क्याच्या मानाने ती शरीरात खोलवर शिरे. अशी काडतुसे सांबरासारख्या मोठ्या मृगासही योग्य जागी लागल्यास पुरेशी ठरत.

गोळीची घडण हाही तितकाच महत्त्वाचा भाग होता. संपूर्ण कवच असलेली लष्करी गोळी शरीरातून आरपार जाते. तिने जनावर लगेच न पडता दूर पळते व रानात तडफडून मरते. मऊ टोकाची गोळी आत शिरल्यावर पसरते व तत्काळ प्राणघातक ठरते. अशी पसरणारी गोळी कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात लष्करासाठी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने युद्धात तिचा वापर निषिद्ध मानला गेला. युद्धात क्रूर ठरलेली तीच गोळी शिकारीत मात्र जनावराचे हाल कमी करणारी म्हणून इष्ट मानली जाते. युद्धातील हेतू शत्रूला निकामी करण्याचा, तर शिकारीतील हेतू तत्काळ मृत्यूचा असल्याने हा फरक पडतो.

हवामानाचाही विचार करावा लागे. उन्हाच्या तापाने कॉर्डाइटचा दाब वाढत असल्याने काही ब्रिटिश कारखाने उष्ण कटिबंधासाठी कमी भाराची काडतुसे काढीत. मावळच्या पावसाळ्यात छऱ्यांच्या काडतुसांचे कागदी कोश दमट हवेने फुगत व नळीत अडकत. प्लॅस्टिकचे कोश १९६० नंतर प्रचारात आल्यावर ही अडचण दूर झाली.

शस्त्रकायदा आणि काडतुसाची निवड : शिकारी कोणते काडतूस निवडू शकतो हे १८७८ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने मुळातच मर्यादित केले. या अधिनियमाने भारतीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगणे अशक्य झाले, तर यूरोपियनांना मोठ्या सवलती मिळाल्या. राष्ट्रीय सभेने आरंभीच्या काळापासूनच या भेदभावाविरुद्ध आवाज उठविला. वंशावर आधारलेली सूट १९२० च्या नियमांनी बव्हंशी रद्द झाली. प्रत्यक्षात रायफलीचा परवाना संस्थानिक, इनामदार, अधिकारी व पुण्या-मुंबईचे सधन हौशी शिकारी यांनाच मिळे. खेड्यातील शेतकऱ्यास पीकसंरक्षणासाठी परवाना मिळालाच, तर तो बहुधा ठासणीच्या बंदुकीचा असे.

काडतुसांच्या व्यासांवरही निर्बंध होते. लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ०·४५० इंची रायफलींची भारतातील आयात बंद करण्यात आली. तेव्हा ब्रिटिश निर्मात्यांनी ०·४६५, ०·४७० व ०·४७५ इंची अशी नवी काडतुसे प्रचारात आणली. लष्करात चालणारे ०·३०३ इंची काडतूसही नागरिकांना मोकळे नव्हते. याची जागा ८ मिमी. मान्लिखर काडतुसावर आधारित ०·३१५ इंची काडतुसाने घेतली. स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यांनी याच व्यासाची रायफल व काडतुसे तयार केली आणि रायफलीचा परवाना असलेल्या सामान्य भारतीय नागरिकाची ती मुख्य रायफल बनली. तिच्या मऊ टोकाच्या गोळीचे वजन १५·८ ग्रॅ. असते. जड व मंद गोळीचे हे काडतूस जवळच्या अंतरावर सांबरास पुरेसे असले, तरी हलक्या, वेगवान गोळीचा लाभ त्यात मिळत नाही. जगात अन्यत्र शिकारी धक्का, पल्ला व जनावर पाहून काडतूस निवडीत असताना येथे परवान्यात बसेल व दुकानात मिळेल ते काडतूस घ्यावे लागे.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये हीच विभागणी स्पष्टपणे दिसते. संरक्षण किंवा क्रीडा यांसाठी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीची बंदूक पिकाच्या रक्षणास अपुरी आहे अशी परवाना-अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफलीचा परवाना मिळविण्यासाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. रानाच्या कडेला राहून सांबर व डुकरे यांच्याकडून भाताची नासाडी सोसणाऱ्या शेतकऱ्यास, नेमके काम करणारे हत्यार कायद्यानेच दुर्मिळ होते. खडकीच्या कारखान्यापासून काही तासांच्या पायवाटेवर राहणाऱ्या मावळातील शेतकऱ्याच्या बाबतीत हा विरोध विशेष जाणवतो.

छर्रे की गोळी : परवान्यांच्या या रचनेमुळे महाराष्ट्रात हरिणांची पुष्कळशी शिकार बारा बोअरच्या बंदुकीनेच झाली. या बंदुकीत मोठ्या जनावरांसाठी एल. जी. (औंसामागे सु. सहा छर्रे) व एस. जी. (औंसामागे सु. आठ छर्रे) ही काडतुसे किंवा एकसंध गोळीचे काडतूस वापरीत. हाक्याच्या शिकारीत छऱ्यांना पसंती देण्यास एक रास्त कारणही होते. हाका म्हणजे गावकऱ्यांनी रानाच्या एका बाजूने ओरडत, डबे वाजवीत जनावरे शिकाऱ्यांकडे पिटाळणे. अशा वेळी दोन-तीन किमी. जाऊ शकणारी रायफलीची गोळी हाकाऱ्यांच्या जिवावर बेतण्याचा संभव असे. छर्रे थोड्याच अंतरात निकामी होत.

परंतु छऱ्यांचा परिणाम तीस-पस्तीस मीटरांपलीकडे झपाट्याने घटतो. त्यापुढे ते विखुरतात व एखाद-दुसराच छर्रा जनावरास लागतो. भेकरासारख्या लहान मृगास जवळून ते पुरे पडत. सांबराच्या जाड कातडीत व स्नायूंत मात्र अडकून राहत. असे सांबर उभ्याने पडत नाही. ते दाट रानात किंवा पाणवठ्याकडे जाते व जखम चिघळून काही दिवसांनी मरते. ०·२२ इंची साध्या रायफलीची स्थितीही अशीच आहे. तिचा धक्का नगण्य असला तरी गोळीची ऊर्जा सु. १४० ज्यूल, म्हणजे ०·३०३ इंची गोळीच्या पाच शतांशांहून कमी असते. धक्का हलका असणे हे एकटेच गमक धरल्यास ती सर्वोत्तम ठरेल. हरिणावर तिचा उपयोग मात्र केवळ जखमी करण्याचा आहे. हलक्या धक्क्याला खालची मर्यादा असते, हे या दोन उदाहरणांवरून कळते.

जाणत्या शिकाऱ्यांमध्ये याविषयी काही अलिखित दंडक होते. आडव्या उभ्या जनावरावरच, पुढच्या पायाच्या मागे फुप्फुसांच्या जागी नेम धरावा, धावत्या कळपावर बार टाकू नये, अंधार पडताना दूरवर गोळी झाडू नये आणि जखमी जनावराचा रक्ताचा माग काढून त्याचा अंत केल्याशिवाय दुसरी शिकार करू नये, असे हे दंडक होते. माग काढण्याचे काम बहुतेक वेळा स्थानिक ठाकर, कातकरी किंवा कोळी मागकरी करीत. शिकारकथांत नाव बंदूकधाऱ्याचे येत असले, तरी चुकलेल्या नेमाचे परिमार्जन या मागकऱ्यांच्या नजरेवर अवलंबून असे. मुंबईस १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकाऱ्यांची निरीक्षणे प्रसिद्ध होत असत. बंदूक बाळगणाऱ्या अनेकांचा निसर्गाभ्यासाकडे झालेला प्रवास त्यातून दिसतो.

निर्बंध व शिकारबंदी : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाडी, जीप व प्रखर दिवे यांमुळे रात्रीची शिकार सोपी झाली आणि माळावरील काळवीट व चिंकारा यांची संख्या झपाट्याने घटली. दिव्याने दिपलेल्या कळपावर गाडीतून झाडलेल्या छऱ्यांनी मेलेल्यांपेक्षा जखमी होणारी जनावरेच अधिक असत. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम करून शिकारीचे परवाने व बंदीचे हंगाम यांची व्यवस्था लावली. कोल्हापूर संस्थानच्या राखीव शिकाररानापैकी दाजीपूर येथे १९५८ मध्ये अभयारण्य घोषित झाले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार प्रथम पूर्णतः बंद केलेली नव्हती. काळविटास पहिल्या अनुसूचीत पूर्ण संरक्षण मिळाले. सांबर, चितळ व भेकर हे तिसऱ्या अनुसूचीत, मोठी शिकार म्हणून समाविष्ट झाले व त्यांच्यासाठी परवान्याची तरतूद राहिली. या अधिनियमाच्या सतराव्या कलमाने शिकारीच्या पद्धतींवर निर्बंध घातले होते. वाहनातून, कृत्रिम प्रकाशात, रात्री, पाणवठ्यावर किंवा चाटणवर शिकार करण्यास मनाई होती. तसेच मोठी शिकार रायफलीनेच करावी आणि छऱ्यांची बंदूक वापरावयाची तर परवान्यात तशी विशेष मुभा असावी व एकसंध गोळीचेच काडतूस वापरावे, असा दंडक होता. हरिणावर छर्रे झाडू नयेत हा शिकाऱ्यांचा जुना संकेत अशा रीतीने कायद्यात आला. मात्र पिकांच्या रक्षणासाठी शेतकऱ्यास ठासणीची बंदूक देणारा १९५९ चा अधिनियम त्याच वेळी अमलात होता. जनावराला वेदनारहित मृत्यू देणारे हत्यार क्रीडेसाठी आवश्यक ठरले. शेताच्या बांधावर ते आवश्यक ठरले नाही.

या तरतुदी सु. दोन दशकेच राहिल्या. अधिनियमाच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने व त्यांविषयीची कलमे वगळण्यात आली आणि क्रीडा म्हणून होणारी शिकार संपली. आता अकराव्या कलमान्वये मनुष्यास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झालेल्या वन्य प्राण्याविषयी सक्षम वनाधिकाऱ्याने लेखी आदेश दिला, तरच त्यास मारता येते. अवैध शिकारीस कारावास व दंड अशा शिक्षा असून २०२२ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या.

अन्य देशांतील स्थिती : जेथे हरिणांची संख्या नियंत्रित ठेवण्यासाठी शिकार कायदेशीर आहे, तेथे काडतुसाची किमान मर्यादा कायद्याने ठरविलेली आढळते. इंग्लंड व वेल्समधील १९९१ च्या अधिनियमानुसार हरिणासाठी रायफलीचा व्यास किमान ०·२४० इंच व गोळीची ऊर्जा किमान २,३०५ ज्यूल असावी लागते आणि गोळी पसरणारी असावी लागते. आपल्याकडील भेकराच्या प्रजातीतील चिनी भेकर तेथे रानात पसरले आहे. त्याच्यासारख्या लहान मृगांसाठी २००७ पासून ०·२२० इंच व्यास आणि १,३५६ ज्यूल अशी खालची मर्यादा मान्य करण्यात आली. अमेरिकेत १९५५ मध्ये आलेले ०·२४३ इंची व २००७ मध्ये आलेले ६·५ मिमी. क्रीडमूर ही काडतुसे सौम्य धक्का व अचूकता यांमुळे लोकप्रिय झाली. त्यांपैकी दुसऱ्याचे तत्त्व शतकापूर्वीच्या ६·५ मिमी. काडतुसाचेच आहे : बारीक, लांबट गोळी व मर्यादित भार. अलीकडे शिशाच्या कणांनी मांसभक्षक पक्ष्यांना विषबाधा होते हे लक्षात आल्याने तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढत आहे.

सद्यःस्थिती : खडकीचा दारूगोळा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीच्या अखत्यारीत आला, तिचे मुख्यालय पुण्यास आहे. पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गामुळे (२००२), औद्योगिक वसाहतींमुळे व वाढत्या नागरी वस्तीमुळे उर्से–परंदवडी–सोमाटणे टापूचे स्वरूप पालटले आहे. हरिणांचा निवारा मुख्यतः घाटमाथ्याच्या रानापुरता उरला आहे. सह्याद्रीच्या या भागात भीमाशंकर (१९८५) व ताम्हिणी (२०१३) ही अभयारण्ये आहेत. परवान्याची शिकार बंद झाली तरी चोरटी शिकार थांबलेली नाही. तारेचे फास, विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा, गावठी स्फोटक गोळे व जुन्या ठासणीच्या बंदुका ही तिची साधने होत. यांपैकी एकही साधन जनावर ओळखून, नेम धरून व तत्काळ मारणारे नाही. शेतीचे नुकसान आणि वन्य प्राण्यांचे रक्षण यांतील प्रश्न त्यामुळे अद्यापही सुटलेला नाही. नुकसानभरपाई, कुंपणे, पीकपद्धतीतील बदल आणि आवश्यक तेथे वनखात्याच्या प्रशिक्षित पथकांकडून कारवाई हे उपाय आता अवलंबिले जातात. अशा कारवाईत प्राण्याला मारणे अटळ ठरल्यास, गोळी योग्य घडणीची, पुरेशा शक्तीची व नेमबाजाच्या हातून अचूक सुटणारी असावी, ही शिकारीच्या इतिहासाने घालून दिलेली कसोटी आजही लागू पडते.